हजेरी

"बाबा, नावं कोणाकोणाची टाकू?"

2024 चा गणपती बसायला आठवडा उरला होता. माझा पंधरा वर्षांचा मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता आणि मी मखराच्या थर्माकोलला पर्याय शोधत होतो. प्रश्न साधा होता. माळ्यावरच्या पेटीत त्याला माझी एक जुनी कॅसेट सापडली होती. ती त्याने कुठूनतरी डिजिटल करून आणली होती आणि आता ती इंटरनेटवर चढवायची होती. तिथे कलाकारांची नावं लिहायचा एक रकाना असतो. त्यासाठी तो विचारत होता.

मी म्हणालो, "कव्हरवर आहे ना नाव."

तो म्हणाला, "कव्हरवर तर एकट्या तुमचंच आहे. पण ऐकताना चौघं जण ऐकू येतात."

त्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. ते का सुचलं नाही हे सांगायचं तर पंचवीस वर्षं मागे जावं लागेल, आणि थोडं अमेरिकेतही.

1999 च्या डिसेंबरात माझी मामेबहीण न्यू जर्सीहून इंदूरला आली होती. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला दोनच वर्षं झाली होती. मी अकरावीत होतो. येताना तिने सगळ्यांसाठी चॉकलेटं, आईसाठी नॉनस्टिक तवा आणि माझ्यासाठी एक सीडी आणली. मुखपृष्ठावर शाळेच्या लाकडी बाकाचं चित्र होतं आणि त्या लाकडात कोरल्यासारखा एका तरुणीचा चेहरा. आपण नाही का शाळेत कर्कटकाने बाकावर नावं कोरायचो, तसा. ताई म्हणाली, "ही आमच्याच राज्यातली आहे. तिकडे सध्या हिच्याशिवाय दुसरं काही वाजतच नाही."

ती तरुणी म्हणजे लॉरिन हिल, आणि तो अल्बम म्हणजे 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल'.

आमच्याकडे सीडी प्लेयर नव्हता. माझ्या तबला वाजवणाऱ्या मित्राच्या मामांची व्हिडिओ लायब्ररी होती, तिथे एक होता. नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर आम्ही तो अल्बम उतरवून घेतला. सव्वा तासाहून थोडा मोठा असल्यामुळे तो दोन्ही बाजूंत बरोबर मावला. मग पुढची तीन-चार वर्षं, रामबागेतल्या आमच्या गच्चीवर, ती कॅसेट झिजेपर्यंत वाजली.

इंग्रजी शब्द आम्हाला अर्धेही कळत नव्हते. पण सुरुवात मात्र पहिल्या दिवशीच कळली. शाळेची घंटा वाजते. मास्तर हजेरी घेतात. एकेक नाव पुकारलं जातं, मुलं 'हजर' म्हणतात. मग लॉरिन हिलचं नाव येतं. उत्तर येत नाही. मास्तर पुन्हा पुकारतात, तरी उत्तर नाही. वर्गात ती नाहीच. ज्या मुलीच्या नावाचा अल्बम, तीच गैरहजर. आणि तिथून गाणी सुरू होतात. वर्गाबाहेर राहिलेली मुलगी काय शिकली, ते.

हे वर्गातले संवाद अल्बमभर मधूनमधून येतात. मुलं प्रेमाविषयी बोलतात, भांडतात, हसतात. हे सगळं हिलच्या न्यू जर्सीतल्या घरच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड केलं होतं आणि मास्तर झालेला रास बराका खरोखरच शिक्षक होता. पुढे 2014 मध्ये तो नेवार्क शहराचा महापौर झाला. अल्बमच्या नावामागे कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय इतिहासकाराचं 1933 सालचं पुस्तक आहे. कृष्णवर्णीय मुलांना शाळेत स्वतःविषयीच चुकीचं शिकवलं जातं, हा त्या पुस्तकाचा विषय. हे सगळं मला फार नंतर कळलं.

आता थोडं त्या अल्बमच्या यशाविषयी सांगतो, कारण तुमच्या पिढीला 'व्ह्यूज' माहीत आहेत, पण तेव्हा खप म्हणजे काय प्रकार होता ते माहीत नसेल.

लॉरिन त्याआधी 'फ्युजीज' या तिघांच्या गटात होती. त्यांचा 1996 चा 'द स्कोर' जगभर प्रचंड खपला होता. गट फुटायला आला, तिने स्वतःचं काही करायचं ठरवलं, आणि त्याच सुमाराला तिला दिवस गेले. आता बाळ नको, करिअर बघ, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. तिने बाळाच्या बाजूने कौल दिला. मुलाचं नाव झायन. त्याच्यावरचं गाणं या अल्बममध्ये आहे आणि त्यात गिटार वाजवली आहे कार्लोस सँटाना यांनी. काही रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमध्ये झालं आणि काही जमैकात, किंग्स्टनच्या 'टफ गाँग' स्टुडिओत. तो स्टुडिओ बॉब मार्लीचा, आणि बॉब मार्ली म्हणजे झायनचे आजोबा.

25 ऑगस्ट 1998 रोजी अल्बम बाजारात आला, तेव्हा लॉरिन तेवीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत 4 लाख 22 हजारांहून जास्त प्रती खपल्या आणि तो थेट यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. लक्षात घ्या, हे कोणी मोबाइलवर बोट टेकवून ऐकणं नव्हतं. माणूस घराबाहेर पडायचा, दुकानात जायचा, खिशातून पैसे काढायचा. त्याआधी कितीतरी वर्षं दुकानदारांना फोन करून 'काय खपतंय' असं विचारून याद्या बनायच्या. 1991 पासून अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्यावर बारकोड वाचून खप मोजू लागले, आणि मग रॅपसारखं, 'गल्लीतलं' म्हणून नाक मुरडलं जाणारं संगीत खरोखर किती खपतं हे सगळ्यांना दिसलं. लॉरिनचा अल्बम त्या मोजमापाच्या काळातला. नोव्हेंबरात तिचं 'डू वॉप' हे गाणं गाण्यांच्या यादीतही आल्या आल्या पहिल्या स्थानावर बसलं.

24 फेब्रुवारी 1999 ला ग्रॅमी पुरस्कार झाले. तिला दहा नामांकनं होती, पाच पुरस्कार मिळाले. एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळवणारी ती पहिली स्त्री. वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मानही तिलाच मिळाला, आणि हिप हॉप अल्बमला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच महिन्यात 'टाइम' साप्ताहिकाने हिप हॉपवर मुखपृष्ठकथा केली आणि मुखपृष्ठावर लॉरिन होती.

लोकांना तो इतका का आवडला? मला वाटतं, त्यात आईला आणि मुलीला दोघींना ऐकता येईल असं काही होतं. रॅप होतं, पण गाणंही होतं. जुन्या सोल संगीताची ऊब होती, जमैकाच्या रेगेचा झोका होता. रॅप न ऐकणाऱ्या माणसानेही तो विकत घेतला. आमच्या गच्चीवर माझी आजी वाती वळत बसलेली असायची. तिला बाकी कशाचं काही नव्हतं, पण झायनचं गाणं लागलं की म्हणायची, "ही बाई अंगाई म्हणतेय बघ." तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

माझा तबलजी मित्र मात्र वेगळंच ऐकायचा. "ही ठेक्यावर चालत नाही," तो म्हणायचा, "ठेक्याच्या अर्धं पाऊल मागून चालते. आणि तरी पडत नाही." मग मांडीवर केरवा धरून तो तिच्या मागेमागे बोल टाकत बसायचा.

2003 साली बाहेरगावच्या एका मराठी मंडळाने तरुणांसाठी समूहगीतांची स्पर्धा ठेवली. आम्ही चौघांनी भाग घेतला. मी, हा मित्र, शेजारच्या गल्लीतली एक मुलगी जी फार चांगलं लिहायची, आणि पेटीवर आमच्याहून दहा वर्षांनी मोठे एक दादा, जे दिवसा बँकेत नोकरी करत. विषय मी सुचवला. अहिल्याबाईंचं इंदूर, पण आजच्या पोराच्या तोंडून. भारुडासारखं अर्धं बोलायचं, अर्धं गायचं. मधे रॅप. बारा मिनिटांची ती मालिका आम्ही दोन महिने बसवली.

त्यातली खरी जान होती ती मित्राच्या एका कल्पनेत. केरव्याच्या आठ मात्रांतली पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि शब्द दुसऱ्या मात्रेवर टाकायचा. ऐकणाऱ्याला वाटतं आता पडला, आता पडला, आणि तोवर शब्द उभा राहिलेला असतो. त्या मुलीने लिहिलेलं कडवं होतं राजवाड्याच्या जळक्या भिंतीवर. ते म्हणताना माझ्या अंगावर काटा यायचा. दादांनी शेवटी भूपाचे चार सूर असे काही जोडले होते की गोंगाटातून देवघरात आल्यासारखं वाटायचं.

आमचा पहिला नंबर आला.

स्पर्धेच्या अर्जावर 'लेखन-संगीत-दिग्दर्शन' यापुढे एकच ओळ होती. अर्ज मी भरला होता. त्या ओळीत मी माझं नाव लिहिलं. ओळच एक होती, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण दोन महिन्यांनी आम्ही त्याची कॅसेट काढली, तेव्हा कव्हर मीच करून घेतलं होतं. तिथे ओळींना काही तोटा नव्हता. तिथेही मी 'संकल्पना, लेखन, संगीत' असं लिहून खाली ठळक अक्षरांत माझं नाव घातलं. बाकी तिघांसाठी एकच शब्द होता, 'साथसंगत'. नावं नाहीत. जागा पुरली नाही असंही म्हणता येणार नाही, कारण मागच्या बाजूला मी निम्म्या कव्हरभर आभार छापले होते. त्यात स्पीकरवाल्याचेही आभार होते.

तीनशे प्रती काढल्या. पंचवीस रुपयांना एक. गणपतीत आणि कोजागिरीला मिळून 260 खपल्या. पाच हजार खर्च वजा जाता दीड हजार उरले. त्यातले चारशे सराफ्यात चौघांच्या भुट्ट्याच्या किसावर आणि रबडीवर गेले. अकराशे मी 'पुढच्या कामासाठी' म्हणून माझ्याकडे ठेवले.

पुढचं काम झालंच नाही. मित्राने कॅसेट हातात घेतली, कव्हर उलटसुलट करून वाचलं आणि म्हणाला, "छान छापलंय." एवढंच. नंतर तो तालमीला येईनासा झाला. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. मुलीचं लग्न ठरलं. दादा रस्त्यात भेटले की हसून विचारायचे, "काय, दुसरी कॅसेट कधी?" मी म्हणायचो, "बघू." लोकही विचारायचे. पहिल्या यशानंतर दुसरं कुठंय, हा प्रश्न लोक फार प्रेमाने विचारतात आणि तो फार बोचतो.

लॉरिन हिललाही तो आयुष्यभर विचारला गेला. 2002 मध्ये तिची एक थेट मैफल अल्बम म्हणून आली. नुसती गिटार आणि आवाज. तिच्यावर टीकाही बरीच झाली. पण स्टुडिओत बसून केलेला दुसरा एकल अल्बम तिने आजवर काढलेला नाही. मी मनातल्या मनात याचा आधार घ्यायचो. म्हणायचो, इतक्या मोठ्या बाईला जमलं नाही, मग माझं काय!

मग आमच्या चिरंजीवांचा प्रवेश. मे 2024 मध्ये 'अॅपल म्युझिक'ने आजवरच्या शंभर सर्वोत्तम अल्बमची यादी काढली आणि पहिल्या स्थानावर 'मिसएज्युकेशन' ठेवला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमची बाई पहिली आली." मला उगाचच अभिमान वाटला, जसा काही तो अल्बम मीच केला होता. तो त्यावर वाचत बसला. 2021 मध्ये या अल्बमला अमेरिकेत 'डायमंड' दर्जा मिळाला, म्हणजे एक कोटीचा टप्पा, हे त्यानेच मला सांगितलं. आणि आता त्या आकड्यात नुसत्या विकलेल्या प्रती नसतात, 1,500 वेळा गाणी ऐकली गेली की एक अल्बम खपला असं धरतात, हेही.

पुढचंही त्यानेच वाचून दाखवलं. ते मला माहीत नव्हतं, किंवा माहीत करून घ्यायचं नव्हतं.

अल्बम येऊन तीन महिने होत नाहीत तोच, नोव्हेंबर 1998 मध्ये, चार तरुण संगीतकारांनी लॉरिन हिलवर आणि कंपनीवर दावा लावला होता. 'न्यू आर्क' असं त्यांच्या गटाचं नाव. वाडा नोबल्स, रशीम प्यू आणि टेजुमोल्ड व जोहारी न्यूटन हे जुळे भाऊ. त्यांचं म्हणणं, बहुतेक गाण्यांच्या रचनेत आणि निर्मितीत आमचा हात आहे आणि त्याचं श्रेय आम्हाला दिलेलं नाही. हिलच्या बाजूचं म्हणणं, यांनी वाजवलं, मदत केली, पण निर्मिती तिची. म्हणजे ग्रॅमीच्या रात्री ती मंचावर पाच पुरस्कार घेत होती तेव्हा हा दावा चालूच होता. 2001 मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. 2018 मध्येही जुना वाद पुन्हा निघाला, तेव्हा तिने एक लेख लिहून आपली बाजू मांडली. घराचा आराखडा माझा, उत्तम कारागीर मी बोलावले, पण कोणताही निर्णय माझ्याशिवाय झाला नाही, असा त्याचा साधारण आशय.

खरं कोण? मी त्या स्टुडिओत नव्हतो. त्या काळी संगीताच्या धंद्यात बाईने 'हे मी केलं' असं म्हटलं की 'खरं कोणी केलं?' असं विचारणारे टपून बसलेले असत, हेही तितकंच खरं आहे. पुरुषाला हा प्रश्न कमी विचारला जातो. मला तर एकानेही विचारला नव्हता. त्यामुळे तिचा न्याय मी करणार नाही. आवाज तिचा, आयुष्य तिचं, आणि तो अल्बम तिच्याशिवाय झाला नसता, यात शंका नाही.

पण एक गोष्ट त्याच अल्बममध्ये आहे जी मला छळत राहिली. 'एव्हरीथिंग इज एव्हरीथिंग' या गाण्यात पियानो वाजवणारा एक कॉलेजातला मुलगा आहे. पुस्तिकेत बारीक अक्षरांत त्याचं नाव आहे, जॉन स्टीफन्स. पुढे जगाने त्याला जॉन लेजंड म्हणून ओळखलं. पुस्तिकेतली एक बारीक ओळ. ती नसती तर तो तिथे होता हे कशावरून? आमच्या कॅसेटवर तर तेवढीही ओळ नाही.

म्हणून मुलाने "नावं कोणाकोणाची टाकू?" विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "थांब दोन दिवस. तिघांना फोन करतो."

खरं सांगतो, पहिला दिवस मी नंबर शोधण्यात घालवला आणि दुसरा धीर गोळा करण्यात.

मित्राने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. "बोल भिया!" असं ओरडला, जणू परवाच भेटलो होतो. पुण्यात वीस वर्षं राहूनही इंदूर गेलं नव्हतं. हवापाणी झालं, मुलांचं झालं. मग मी एका दमात सगळं बोलून टाकलं. अर्ज, कव्हर, अकराशे रुपये. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वाईट वाटलं होतं यार. तबला सोडला मी त्याच्यानंतर. तुझ्यामुळे सोडला असं नाही म्हणत, नोकरी होती, वेळ नव्हता. पण बसायची इच्छा गेली, ती तेव्हा गेली."

मी माफी मागितली. त्याने ती ना घेतली, ना परत केली. म्हणाला, "नाव टाक माझं. पण ती रिकामी मात्रा माझी नव्हे हां."

मी चकित. मग कोणाची?

"बाबांची."

त्याचे बाबा मिलमध्ये होते. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघायची, रात्रभर शहरातून फिरायची, हे आपल्या इंदूरकरांना सांगायला नको. त्याचे बाबा त्या मिरवणुकीत झांकीच्या ट्रकमागे ढोल वाजवत चालायचे. ढोल जड, ट्रक हळू. पाऊल टाकताना ढोल पोटावर आदळायचा, म्हणून ते पावलावर टिपरू मारायचेच नाहीत. पाऊल पहिल्या मात्रेवर, थाप दुसरीवर. मिल बंद पडली, तरी घरात पाटावर बोटं वाजवताना त्यांची पहिली मात्रा रिकामीच असायची. "मी तेच ऐकत मोठा झालो," मित्र म्हणाला. "तुला वाटलं मी त्या अमेरिकन बाईकडून उचललं. तिच्यात मला ते ऐकू आलं, एवढंच."

म्हणजे वीस वर्षं मी ज्याचं श्रेय चोरलं म्हणून मनातल्या मनात झुरत होतो, तो स्वतःही म्हणत होता की हे माझं नाही. फरक इतकाच, की त्याने ज्याचं होतं त्याचं नाव घेतलं.

दुसरा फोन त्या मुलीला. मुलगी कसली, आता देवासला शाळेत मराठी शिकवते, तिची स्वतःची मुलगी कॉलेजात आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कडवी दोन होती. जळक्या भिंतीचं आणि नंतरचं घाटावरचं. तुला एकच आठवतंय." मला खरंच एकच आठवत होतं. दुसरं मी इतक्या वेळा स्वतःचं म्हणून सांगितलं होतं की ते माझंच वाटू लागलं होतं. ती म्हणाली, "आता नाव घातलंस म्हणून तेव्हाचं वाईट वाटणं परत जात नाही. पण घाल. माझ्या मुलीला दाखवता येईल."

तिसरा फोन दादांच्या घरी. दादा 2021 मध्ये गेले. वहिनींनी उचलला. मी काय म्हणतोय ते त्यांना आधी नीट कळलं नाही. कळल्यावर म्हणाल्या, "थांब हं." पाच मिनिटांनी त्यांच्या नातवाने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. तीच कॅसेट, तेच कव्हर. 'साथसंगत' या शब्दापुढे दादांनी निळ्या शाईच्या पेनाने, बँकेच्या खातेवहीत लिहितात तशा स्वच्छ अक्षरांत, आधी मित्राचं नाव लिहिलं होतं, मग त्या मुलीचं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं.

रस्त्यात भेटल्यावर "दुसरी कॅसेट कधी?" विचारणारा माणूस घरी जाऊन हे करून बसला होता, आणि मला एका शब्दाने बोलला नव्हता.

मुलाने नावं टाकली. लेखनात दोन, संगीतात तीन, पेटीवर दादा, तबल्यावर मित्र, आणि 'ठेक्याची मूळ कल्पना' असं लिहून मित्राच्या बाबांचं. ती नावं मी इथे लिहीत नाही. मित्राने तशी अटच घातली. म्हणाला, "कॅसेटवर टाक, तिथली ती आहेत. तुझ्या लेखात नको, तिथे परत तुझंच कौतुक होईल." बरोबर बोलला.

अकराशे रुपयांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. वहिनी घ्यायला तयार नाहीत, देवासची बाई हसते, आणि मित्र म्हणतो व्याजासकट दे. बहुतेक येत्या गणपतीत तो इंदूरला येईल तेव्हा सराफ्यात हिशेब होईल. तबला आणणार का, असं मी विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण आता मोबाइलवर गाणी करता, रील्स करता, मंडळाच्या कार्यक्रमात नाटुकली बसवता. कोणी ताल देतो, कोणी एखादी ओळ सुचवतो, कोणी नुसता कॅमेरा धरून दोन तास उभा राहतो. मी उपदेश करायला लायक माणूस नाही. फक्त इतकंच सांगतो, की नाव लिहायला दहा सेकंद लागतात. मला एकवीस वर्षं लागली.

आमची ती मालिका आता इंटरनेटवर आहे. हा लेख लिहीपर्यंत ती 47 वेळा ऐकली गेली आहे. त्यातल्या निम्म्या वेळा बहुधा मीच ऐकली असेन. 1,500 ला एक अल्बम या हिशेबाने आमचा अजून एकही खपलेला नाही.

पण आता ती सुरू करण्याआधी मी पडद्यावरची नावं एकदा वाचतो. मोठ्याने वाचतो. पहिल्या मात्रेवर थांबतो आणि दुसरीवर सुरुवात करतो.